माजघराची ऊब



मार्गशीर्ष सरू लागला की उत्तर महाराष्ट्र, मराठवाडा आणि विदर्भातून थंडीच्या बातम्या येऊ लागतात. नाशिक जिल्ह्यातील निफाडच्या परिसरात कडाक्याच्या दिवसांत पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. धुळे, जळगाव, परभणी, नागपूर, गोंदिया या भागांत १० अंशांखालची पहाट आता नवलाची राहिलेली नाही. अशा दिवसांत द्राक्षबागायतदार रात्र रात्र जागतात, बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवून घडांना गारठ्यापासून जपतात. पिकाची ही काळजी योग्यच आहे. परंतु त्याच शिवारातील घरात, पत्र्याखालच्या खोलीत, बाजेवर एक चादर अंगावर ओढून पडलेल्या आजी-आजोबांची रात्र कशी गेली, याची चौकशी तितक्याच तत्परतेने होते का, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारावा असा आहे.

आपल्याकडील घरे उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली असतात. उंच छत, भरपूर झरोके, फरशीची जमीन आणि वारा खेळता राहील अशी दारे-खिडक्यांची रचना वैशाखात सुखाची वाटते. पौषात तीच अंगावर येते. त्यात विजेचा भरवसा नसतो. भारनियमन असते, कधी दाब कमी असतो, कधी रोहित्र जळते आणि दुरुस्तीस दिवस लागतात. खोली तापविणारा विजेचा हीटर १,००० ते २,००० वॅट वीज खातो. घरगुती इन्व्हर्टर दिवे आणि पंखा चालवील, हीटर नव्हे. तेव्हा विजेवर विसंबून न राहता वृद्धांची थंडी कशी निभवावी, याचा विचार आज करू.

सर्व विवेचनाचे सार प्रारंभीच सांगून ठेवतो, कारण पुढचे सारे त्याचाच विस्तार आहे: विस्तव बाहेर असावा आणि ऊब आत यावी. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ध्यानात न घेतल्याने दर हिवाळ्यात माणसे प्राणास मुकतात.

वार्धक्यातील थंडी निराळी

निरोगी तरुण शरीर थंडीला दोन प्रकारे तोंड देते. त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतील उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. त्यानेही न भागल्यास स्नायू थरथरू लागतात आणि त्या हालचालीतून उष्णता निर्माण होते. हीच आपली हुडहुडी. सत्तरीच्या पुढे हे दोन्ही उपाय दुबळे होतात. स्नायूंचे प्रमाण घटलेले असते, त्वचेखालची चरबी पातळ झालेली असते, आहार कमी झालेला असतो. थायरॉइडची मंदता, मधुमेह, अर्धांगवायू, झोपेच्या गोळ्या यांनी त्यात भर पडते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थंडी वाजत असल्याची जाणीवच बोथट होते. म्हणून ‘मला काही थंडी वाजत नाही’ हे आजोबांचे वाक्य त्यांच्या काटकपणाचे प्रमाणपत्र मानू नये. हात लावून पाहावा. तळहात-तळपाय गार असणे हिवाळ्यात स्वाभाविक आहे. पण पांघरुणाखालचे पोट आणि पाठ गार लागली, तर ती धोक्याची खूण समजावी.

शरीराचे आतील तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की त्यास वैद्यकात अल्पतापावस्था म्हणतात. त्यासाठी बर्फ पडावा लागत नाही. १०-१२ अंशांच्या खोलीत अपुऱ्या पांघरुणात काढलेली रात्र अशक्त वृद्धाला पुरते. प्रारंभी थरथर असते, नंतर ती थांबते, आणि ती थांबणे हे सुधारणेचे नव्हे तर बिघाडाचे लक्षण असते. बोलणे जड होते, हातातली वस्तू निसटते, माणूस गुंगीत राहतो, विसंगत बोलतो. घरच्यांना वाटते, वय झाले, झोप लागली असेल. पाऱ्याचे जुने थर्मामीटर साधारणतः ३५ अंशांपासूनच सुरू होतात, त्यामुळे पारा पहिल्या रेघेच्या वर सरकला नाही तर ‘ताप नाही, सर्व ठीक’ असा निष्कर्ष काढू नये.

अशा वेळी ओले वा दमट कपडे बदलून कोरडे घालावेत, डोके झाकावे, आधी छाती, पोट आणि पाठ यांना ऊब द्यावी. माणूस पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल तरच कोमट गोड पेय घोट-घोट द्यावे. हातपाय जोरात चोळू नयेत, एकदम कढत पाण्याने आंघोळ घालू नये, विस्तवाजवळ नेऊन बसवू नये आणि मद्याचा थेंबही देऊ नये. मद्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलतात. क्षणभर गरम वाटते, प्रत्यक्षात आतली उष्णता वेगाने निघून जाते. गुंगी असेल तर विलंब न लावता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

थंडीचा दुसरा आघात हृदयावर होतो. आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे रक्तदाब वाढतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. हृदयविकार आणि पक्षाघात यांचे प्रमाण हिवाळ्यात वाढते, ते यामुळेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. थंडीच्या दिवसांत घरातील किमान तापमान १८ अंश असावे, आणि वृद्ध, बालके व दीर्घकालीन आजारी यांच्यासाठी ते अधिक लागू शकते, असे तीत नमूद आहे. भिंतीवर टांगायचे साधे तापमापक फार महाग नसते. ते वृद्धांच्या खोलीत उशाजवळच्या भिंतीवर लावावे, म्हणजे थंडी आहे की नाही हा वाद तरी मिटेल.

शेगडी आणि बंद दार

आता त्या एका गोष्टीविषयी, जिच्यासाठी हा लेख प्रामुख्याने लिहिला आहे. कडाक्याच्या रात्री घमेल्यात किंवा शेगडीत कोळसे फुलवून ते खोलीत आणणे आणि ऊब बाहेर जाऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेणे, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही. धूर दिसत नाही, ज्वाळा नाही, लालबुंद निखारे आहेत. त्यात भिण्यासारखे काय, असे वाटते. वस्तुतः धूर निघेनासा झालेला निखाराच अधिक फसवा असतो. कोळसा अपुऱ्या हवेत जळतो तेव्हा कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत, ठसका लागत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. श्वास चालू असतो, पण रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. झोपलेल्या माणसाला जाग येण्याचे कारणच उरत नाही. तो अधिक गाढ झोपेत जातो.

जागेपणी या विषबाधेची लक्षणे साधी असतात: डोके जड होऊन ठणकणे, गरगरणे, मळमळ, हातापायांतील शक्ती जाणे, गोंधळल्यासारखे होणे. पित्त झाले म्हणून ती सोडून दिली जातात. ओळखण्याची खूण अशी की ताप नसतो, एकाच खोलीतील अनेकांना एकाच वेळी त्रास होतो आणि मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटू लागते. घरातील मांजर-कुत्रे मलूल झाले असेल तर संशय अधिक बळावतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर या प्रसंगी विश्वास ठेवू नये. साध्या ऑक्सिमीटरला प्राणवायू वाहणारे रक्त आणि या वायूने ग्रासलेले रक्त यांतील फरक कळत नाही. माणूस अत्यवस्थ असतानाही आकडा ९८ दाखवू शकतो.

संशय येताच प्रथम दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, माणसांना बाहेर काढावे, मग विस्तव बाहेर न्यावा. आत शिरणाऱ्याने स्वतः तेथे रेंगाळू नये. साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तातील या वायूचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे ५ तास लागतात. मुखवट्यातून शुद्ध प्राणवायू मिळाल्यास तेच काम साधारण दीड तासात होते. म्हणून ‘आता बरे वाटते आहे’ म्हणून घरी थांबणे योग्य नव्हे, रुग्णालयात जाणे आवश्यक आहे. तेथे पोहोचताच बंद खोलीत विस्तव होता, हे डॉक्टरांना सर्वप्रथम सांगावे.

हाच नियम न्हाणीघरालाही लागू आहे. पाणी तापविण्याचा बंब आत पेटवून दार लावून आंघोळ करणे धोक्याचे. गॅसचा गीझर तर अनेक घरांत वीज नको म्हणूनच आणला जातो. तो लहानशा, झरोका नसलेल्या न्हाणीघरात बसविला असेल तर तेथेही हा वायू साठतो. गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत असावा आणि पाणी नळाने आत यावे. ते शक्य नसेल तर बादली भरून घ्यावी, गीझर बंद करावा आणि मगच वृद्ध व्यक्तीला आंघोळीस जाऊ द्यावे. झरोका कागद-चिंध्या कोंबून बुजवू नये. त्याचप्रमाणे स्वयंपाकाच्या गॅसची शेगडी खोली तापविण्यासाठी पेटवून ठेवू नये, आणि वीज गेल्यावर चालविले जाणारे जनरेटर घरात वा ओसरीवर ठेवू नये. घरी कोणाला प्राणवायू चालू असेल, तर त्या खोलीत कोळसा, उदबत्ती, समई, विडी यांपैकी काहीही पेटलेले नसावे. तेथे ठिणगी भडकायला वेळ लागत नाही.

एक खोली निवडावी

मग ऊब आणावी कोठून? आधी असलेली ऊब जाऊ देऊ नये. सगळे घर उबदार ठेवण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. एक खोली निवडावी. चरकसंहितेतील हेमंत ऋतुचर्येत उबदार भूमिगृहात आणि गर्भगृहात, म्हणजे घराच्या आतील दालनात, राहण्याचा उपदेश आहे. आपल्या जुन्या घरांतले माजघर हे त्याच शहाणपणाचे रूप. चहूबाजूंनी इतर खोल्या, बाहेरच्या वाऱ्याला थेट वाट नाही, शेजारी स्वयंपाकघराची धग, जाड मातीच्या भिंतींत दिवसभर साठलेली उष्णता. नव्या घरांत माजघर राहिले नाही. वृद्धांची खाट मात्र बहुधा ओसरीवर किंवा कडेच्या खोलीत असते, कारण तेथे त्यांच्या खोकल्याचा आणि रात्रीच्या उठण्याचा इतरांना उपद्रव होत नाही. हिवाळ्याचे दोन-तीन महिने ही व्यवस्था बदलावी. घरातील सर्वांत आतली किंवा दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली त्यांना द्यावी.

दक्षिणेची खिडकी का, तर नाशिक-नागपूरच्या अक्षांशावर डिसेंबरअखेरीस मध्यान्हीचा सूर्यही डोक्यावर येत नाही. तो दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत दूरवर पोहोचते. सकाळी दहाच्या सुमारास ती खिडकी उघडावी, उन्हाचा पट्टा जमिनीवर, भिंतीवर, अंथरुणावर पडू द्यावा आणि चार-साडेचारला ऊन कलताच खिडक्या लावून जाड पडदे ओढावेत. लडाखमध्ये उणे तापमानातील शाळा-घरे दक्षिणेकडील काच आणि जाड मातीच्या भिंती यांच्या आधारे याच तत्त्वावर उबदार ठेवली जातात. आपली थंडी त्यामानाने किरकोळ. आपल्याला एक खिडकी आणि थोडी शिस्त पुरते.

दारांच्या फटीतून येणारी गार झुळूक खोलीची ऊब सर्वांत वेगाने नेते. दाराखालच्या फटीला जुन्या कपड्याची गुंडाळी लावावी, पाय अडकणार नाही अशा बेताने. पत्र्याचे छप्पर रात्री उघड्या आकाशाकडे उष्णता सोडत राहते आणि पहाटेपर्यंत बर्फासारखे गार होते; त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरतात ते यामुळेच. पत्र्याखाली एक वीत अंतर सोडून बांबूची चटई किंवा जाड कापडाचे दुसरे छत बांधले तर मधला हवेचा थर आडोशाचे काम करतो. त्या खोलीत दिवा-चूल नसावी, एवढे पाहावे. शहाबादी फरशीवर सतरंजी अंथरावी, तिच्या कडा दुमडलेल्या नसाव्यात. खाट बाहेरच्या भिंतीपासून हातभर दूर घ्यावी. फटी बुजविल्या तरी वरचा झरोका मोकळा राहू द्यावा. खोलीत विस्तव नसला तरी माणसांच्या श्वासाला ताजी हवा लागतेच.

अंथरूण हीच खरी शेगडी

विश्रांती घेणारे वृद्ध शरीर तासाला साधारण ५० ते ६० किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. म्हणजे ते स्वतःच सुमारे ६० वॅटचा दिवा आहे. ही उष्णता अडवून धरली की बाहेरच्या विस्तवाची गरज फार थोडी उरते. ती अडविते कापड नव्हे, तर कापडांच्या थरांमध्ये कोंडलेली हवा. म्हणूनच एका जाड स्वेटरपेक्षा एकावर एक तीन पातळ कपडे अधिक उबदार. अनेक लुगड्यांचे थर शिवून केलेली आपली गोधडी किंवा वाकळ हे या तत्त्वाचे घरगुती उदाहरण आहे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी टोचते म्हणून अडगळीत टाकलेली असेल तर बाहेर काढावी. लोकर ओल शोषूनही ऊब सोडत नाही, सुती कापड ओले झाले की गार पडते. टोचू नये म्हणून अंगालगत सुती किंवा मऊ कापड असावे, घोंगडी वर.

एक चूक मात्र घरोघरी दिसते: पांघरुणे तीन आणि अंथरूण एकच. बाजेच्या विणीतून खालून गार हवा येते आणि अंगाखाली दबलेले कापड पातळ होऊन ऊब धरत नाही. जितके वर तितकेच खाली, हा नियम पाळावा. बाजेवर आधी घोंगडी किंवा दुहेरी गोधडी, मग गादी. पांघरूण उबदार असावे, पण इतके जड नसावे की अशक्त माणसाला कूस बदलता येऊ नये. कानटोपी आणि सैल पायमोजे रात्रीही असावेत. पायमोजे घालून फरशीवर चालणे घसरण्याचे निमित्त ठरते, म्हणून खाटेजवळ रबरी तळव्याच्या सपाता ठेवाव्यात.

आता विस्तव बाहेर ठेवून ऊब आत आणण्याचे साधन पाहू. ते म्हणजे पाणी. चुलीवर, बंबात किंवा सौर उष्णजल संयंत्रात तापलेले २ लिटर पाणी ६० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत निवताना सुमारे ५० किलोकॅलरी उष्णता देते. एका वृद्ध देहाने तासाभरात निर्माण करावी जवळजवळ तेवढी. छपरावरील साध्या सौर संयंत्राला पंपही लागत नाही. गरम पाणी हलके होऊन वर चढते आणि आपोआप टाकीत साठते, म्हणून वीज गेली तरी ते चालते. रबरी पिशवी दोन-तृतीयांश भरावी, उरलेली हवा दाबून काढावी, बूच घट्ट लावून पिशवी उलटी धरून पाहावी. पाणी उकळते नसावे. पिशवी जाड कापडात गुंडाळून निजण्यापूर्वी अर्धा तास अंथरुणात, पायांच्या आणि कमरेच्या जागी ठेवावी आणि माणूस आडवा होताना ती काढून घ्यावी किंवा हातभर दूर सारावी.

मधुमेहाने किंवा अर्धांगवायूने पायांची संवेदना कमी झालेल्यांच्या अंगाला ती रात्रभर लागून राहू देऊ नये. त्यांना चटका कळत नाही. सकाळी फोड दिसतो आणि ती जखम महिनोन्‌महिने भरत नाही. पिशवीऐवजी चुलीच्या कडेला तापविलेली कोरडी वीट पोत्यात गुंडाळूनही हेच काम होते. नदीतले गोटे मात्र तापवू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटू शकतात.

शेकोटी आणि तिची मर्यादा

शेकोटी केवळ उष्णतेसाठी नसते. गल्लीतली चार वयस्क माणसे तिच्याभोवती जमतात, बोलतात, एकमेकांची खबर घेतात; एकाकी वृद्धांसाठी हा मोठाच आधार आहे. ती बंद करा असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. ती अंगणात, उघड्यावर असावी. वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसावे, म्हणजे धूर तोंडावर येणार नाही. प्लास्टिक, टायर, रंगवलेले लाकूड जाळू नये. पदर, शाल, मफलर यांची टोके खोचून घ्यावीत; कृत्रिम धाग्याची साडी किंवा शाल पेट घेताच वितळून अंगाला चिकटते. दमा किंवा जुना खोकला असलेल्यांनी शेकोटीपेक्षा उन्हात बसणे उत्तम. पाय रोज विस्तवाच्या अगदी जवळ धरल्याने नडगीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. काश्मीरमध्ये फेरनच्या आत कांगडी बाळगणाऱ्यांमध्ये अशा वर्षानुवर्षांच्या शेकाने पोट आणि मांड्यांच्या त्वचेचा कर्करोग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात प्रसिद्ध आहेत. उरलेले निखारे घमेल्यात भरून आत नेण्याचा मोह टाळावा. ते पाणी किंवा माती टाकून विझवावेत आणि मगच उठावे.

पोटातली ऊब

अन्नाविना उष्णता निर्माण होत नाही. थंडीत आजी रात्री केवळ दूध-पोळीचा घास घेऊन निजत असेल, तर पहाटे तिचे शरीर कशावर ऊब धरणार? बाजरीची भाकरी, तीळ, लसूण-शेंगदाण्याची चटणी, कुळथाचे माडगे, भोगीची मिसळीची भाजी हा आपला ऋतूचा आहार आहे. दात नसल्यास भाकरी दुधात किंवा वरणात कुसकरून द्यावी. मधुमेह असेल तर डिंकाच्या आणि तिळाच्या लाडवांना, मूत्रपिंडाचा विकार असेल तर डाळ-दाण्यांच्या प्रमाणाला डॉक्टरांच्या सल्ल्याची मर्यादा आहेच. थोडे थोडे, परंतु वारंवार आणि गरम खावे.

आंघोळ ऊन वर आल्यावर करावी. कार्तिकापासून पहाटेचे स्नान आणि काकडआरती यांचा नेम असणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे पटविणे कठीण जाते. पण उबेतून एकदम गारठ्यात जाणे हृदयाला मानवत नाही. निदान हृदयविकार आणि रक्तदाब असलेल्यांनी उठल्यावर काही वेळ अंथरुणातच बसावे, कान-छाती झाकावी, आणि फिरणे सूर्योदयानंतर ठेवावे. दिवसभर बसून राहू नये. तासातून एकदा घरातल्या घरात चार फेऱ्या, बसल्या जागी पायांची हालचाल, एवढ्यानेही स्नायू ऊब निर्माण करतात.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात अनेक वृद्ध संध्याकाळनंतर पाणी पिणे सोडतात. कारण विचारले तर तहान नाही म्हणतात. खरे कारण असे असते की रात्री लघवीसाठी अंगणापलीकडच्या शौचालयात काळोखातून, गारठ्यातून जायचे असते आणि कोणाला उठवायचे नसते. त्यातून पाणी कमी पडते, बद्धकोष्ठ होते, मूत्रमार्गाचा दाह होतो. आणि तरीही उठावे लागलेच तर ओसरीच्या पायरीवर पाय घसरून मांडीचे हाड मोडते. यावर उपाय अवघड नाही. खाटेशेजारी कमोडची खुर्ची, पुरुषांसाठी लघवीचे भांडे आणि हाताशी चार्ज केलेली बॅटरी ठेवावी. उशाजवळ घंटा किंवा शिट्टी ठेवून ‘रात्री हाक मारलीत तर मला त्रास होत नाही’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. हे वाक्य एकदा सांगून भागत नाही, पुनःपुन्हा सांगावे लागते.

दररोज दिवेलागणीला पाच गोष्टींकडे पाहण्याची सवय लावून घ्यावी. भिंतीवरील तापमापक १८ अंशांच्या खाली गेले आहे का. अंगावरचे आणि अंगाखालचे कपडे कोरडे आहेत का. जेवण पोटभर झाले का. पाण्याची पिशवी फुटकी तर नाही. आणि घरातील प्रत्येक विस्तव विझलेला किंवा बाहेर आहे का. पहाटे तीन-चारच्या सुमारास, गारठा वाढलेला असताना, कोणीतरी एकदा उठून पांघरूण सारखे करावे आणि पाठीला हात लावून पाहावा. घरात वृद्ध दांपत्य एकटेच राहत असेल तर शेजाऱ्याने सकाळी आठपर्यंत हाक मारायची, असा नेम ठरवून घ्यावा.

वृद्ध माणसे ऊब मागत नाहीत. दुसरी गोधडी मागितली तर सुनेला पेटी उघडावी लागेल, नातवाच्या अंगावरची कमी होईल, असे हिशेब त्यांच्या मनात चालू असतात. ज्यांनी आयुष्यभर आपले पांघरूण दुसऱ्याच्या अंगावर घातले, त्यांना मागण्याची वेळच येऊ नये, यातच घराची शोभा आहे. या आठवड्यातल्या एका दुपारी पेटीतल्या घोंगड्या आणि गोधड्या बाहेर काढून कडक उन्हात टाकाव्यात, संध्याकाळी झटकून घरातील वडीलधाऱ्यांच्या अंथरुणावर घालाव्यात, आणि शेगडीची जागा अंगणात पक्की करून टाकावी. संक्रांतीनंतरही रथसप्तमीपर्यंत गारठा रेंगाळतो, म्हणून ती व्यवस्था तोवर मोडू नये.